विषय : डांगर न उगवल्याबाबत

"विषय?"

बाईच्या ओट्यावर पाय ठेवला की पहिला शब्द हाच. बसा नाय, पाणी घेता का नाय. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवायची, उजवा हात पुढं करायची, तळवा वर, जसं काय आपण कागद घेऊनच आलोय, आणि विचारायची, "विषय?"

मीठ मागायला आलेल्या पोरींनापण हेच. "मीठ मिळण्याबाबत" असं बोलली तर वाटी भरून मिळायची. नुसतं "मीठ द्या" म्हणणारीला बाई दारात उभी ठेवायची. पोरी मुद्दाम जायच्या. घरात मीठ असलं तरी जायच्या.

बाई मुरबाडला कचेरीत आवक-जावकला होती. बाहेरून कागद आला की शिक्का मारून वहीत चढवायचा, तो आवक. आतून गेला, तो जावक. पुरी नोकरी तिनं हेच केलं. एस.टी.नं जायची, एस.टी.नं यायची. रिटायर झाली, शिक्का कचेरीत राहिला, पण हात काय थांबेना. चहाचा कप आला की मूठ ओट्यावर आपटायची, "आवक." पाहुणा उठला की परत मूठ, "जावक." अशी माणसं तुमीपण बघितली असतील. नोकरी सुटते, हात सुटत नाय.

तोंडावर मी तिला तुमी म्हणायचो, माघारी ती. इथं पण ती लिहितो. आता सगळं माघारीच आहे.

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. बाईचं घर बौद्धवाडीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. रेशनकार्डात नाव चढवायचं असंल, विजेचा मीटर बंद पडला असंल, एस.टी. थांब्यावर थांबत नसंल, गावातला निम्मा कागद त्या ओट्यावरून जायचा. पण एक होतं. बाई सांगायची, लिहायचं आपण. कोणी म्हणालं, "बाई, तुमीच लिवा ना, तुमचं अक्षर छान," तर म्हणायची, "माझं अक्षर सगळ्या कचेऱ्या ओळखतात. मी लिहिलं की तो माझा अर्ज होतो. तुमचं दुखणं माझ्या अक्षरात कशाला?"

एकदा एक नवी सून रडत आली. सासू माहेरी पाठवत नाय. बाईनं तिला सासूच्या नावानं अर्ज लिहायला लावला. विषय, माहेरी जाण्याबाबत. खाली "आपली विश्वासू". सासूनं वाचला आणि हसता हसता पोरीला गाडीत बसवून दिली. तो कागद सासूनं अजून ठेवलाय, आल्यागेल्याला दाखवते.

हे सगळं मला आमचीकडून कळायचं. आमची म्हणजे माझी बायको. ती बाईची मैत्रीण. दुपारची भांडी झाली की काखेत कायतरी पिशवी मारून तिकडं जायची, उन्हं कलली की यायची. दोघी काय करत असतील ते मी कधी विचारलं नाय. मला त्या ओट्यावर कधी काम पडलं नाय.

होळीच्या आगंमागं आमची गेली.

त्याच्यावर मी काय लिहीत नाय. ती गेली आणि मी राहिलो, एवढंच. भातशेती पोरगा बघतो, सून नोकरीला जाते. सकाळी दोघं गेली की घरात मी आणि तिच्या भांड्यांची मांडणी.

शाळा आमच्या घरापासून हाकेवर. जिथं खिचडी शिजते त्या खोलीच्या बाजूला एक मोकळा तुकडा आहे. तिथं फळा लावलेला, 'आमची परसबाग'. फळ्याखाली गवत आणि बिस्किटांचे कागद. शाळा नुकतीच उघडली होती. मी रोज बघायचो. एक दिवस कुदळ घेतली, कुंपणाच्या भगदाडातून आत शिरलो आणि खणायला लागलो. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाय.

वर्गातली सगळी पोरं खिडकीला आली. मग सर आला. तरुण आहे, मुरबाडहून मोटरसायकलवर येतो.

"बाबा, काय करताय?"

"दिसत नाय? खणतोय."

"असं परवानगीशिवाय आत येता येत नाही. पोरं आहेत इथं. उद्या मला कोणी विचारलं, हे कोण, तर मी काय सांगू?"

"सांग, म्हातारा अजून मेला नाय म्हणून."

पोरं फसकन हसली. मी तोंडाचा फटकळ, जन्मभर असाच. सर चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाय. हळू बोलला, "अर्ज द्या बाबा. रीतसर. मी शाळेच्या समितीपुढं ठेवतो." आल्या भगदाडानं मला परत जाऊ दिलं नाय, हाताला धरून फाटकापर्यंत सोडलं. खांद्यावर कुदळ, मागं खिडकीत ती सगळी तोंडं. कान तापले होते माझे. या वयात शाळेतनं हाकललेला मीच.

संध्याकाळी बाईच्या ओट्यावर गेलो.

"विषय?"

"तुमच्या मैत्रिणीचा नवरा आहे मी."

"ते माहीत आहे. विषय सांगा, भावजी."

"शाळेच्या बागंत काम करायचंय. फुकट."

"फुकट लिहायचं नाही. विनामोबदला लिहायचं." कोरा कागद, खाली पुठ्ठा, पेन माझ्यापुढं आलं. "का करायचंय?"

"घर खायला उठतं."

"अर्जात घर कोणाला खात नाही." बाईनं कागदावर बोट टेकवलं. "असं लिहा, सध्या माझ्याकडे मोकळा वेळ उपलब्ध आहे."

"मोकळा वेळ? तो वेळ नाय, बाई."

"मग काय आहे?"

मी पेन उचललं. लिहिलं, मोकळा वेळ उपलब्ध आहे.

मी चौथीपर्यंत गेलो, चौथी पास नाय. सहीपलीकडं हाताला सवय नाय. कुदळ धरणाऱ्या बोटांत पेन म्हणजे काडी. ओळ सुरू व्हायची वर आणि संपायची खाली. आणि ओटा तो असा रस्त्यावर. जाणारे येणारे थांबायला लागले.

"काय आबा, शाळंत नाव घातलं काय?"

"डबा आणलाय का आबा? मधली सुट्टी कवा?"

मी मान वर केली नाय. बाईच बोलली, "तुझा पण अर्ज राहिलाय रे, संडासाच्या अनुदानाचा. ये, बस इथं आबांच्या बाजूला." तो असा पळाला की चप्पल हातात.

मग बाई म्हणाली, बियाणं पण तुम्ही देताय, तर लिहा, माझी पत्नी कैलासवासी, आणि तिनं आमचीचं नाव घेतलं. सहज, गल्लीतून हाक मारतात तसं. मी ते नाव लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडातून काढलेलं नाय. आमच्यात घेत नायत. हाक मारायची तर "अगो" नाय तर "ऐकतेस". पेन तिथंच अडकलं. बाई दुसऱ्यांदा बोलली नाय. "चहा ठेवते," म्हणून आत गेली, आणि चहाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ आत राहिली. परत आली तेव्हा नाव कागदावर होतं. इथं लिहीत नाय. एकदा लिहिलं, पुरे.

"बियाणं कसलं?"

"डांगराचं." शहरात लाल भोपळा म्हणतात, आमी डांगर. "तिच्या हातचं आहे. मांडणीवर डबा आहे पत्र्याचा."

"राखेत घोळून ठेवलेलं?"

"राखेतलंच. पांढरी राख दिसते की बियांवर."

"एकदा आणून दाखवा."

झालं. माझं तोंड सुटलं. "जन्म शेतात गेला, बाई. आता बी तुमाला दाखवायला आणू? तुमी कागदाचं बघा."

बाईनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "बरं. लिहा मग. सदर बियाणे उत्तम प्रतीचे आहे."

आणि मी लिहिलं. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात. खाली सही केली. बाईनं मूठ आपटली, "जावक."

समितीनं हो म्हटलं. सरानं घरी येऊन सांगितलं. मी जमीन उकरली, शेणखत घातलं, पाणी साचू नये म्हणून उंच आळी केली. शाळेतली सगळी पोरं आळ्यांभोवती उभी केली, एकेकाच्या हातात बी दिलं, टोक खाली कसं करायचं ते दाखवलं. सरानं माझा अर्ज वाचून दाखवला. 'उत्तम प्रतीचे' आल्यावर पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. तो कमरेवरचा हात मला आजपण आठवत राहतो.

बाजूच्या वाफ्यात पोरांनी भेंडी आणि चवळी लावली होती. ती उगवली. आळ्यांत काय नाय. रोज सकाळी जायचो, काडीनं माती उकरायचो. पोरं मागं यायची.

"आबा, डांगर झोपलंय काय?"

"ते उत्तम प्रतीचं झोपलंय रे, लवकर नाय उठायचं," दुसऱ्यानं उत्तर दिलं.

खिचडीवाली पदर तोंडाला लावून हसली. सर म्हणाला, "होतं बाबा, कधी कधी बी दगा देतं." त्याचं गोड बोलणं त्या हसण्यापेक्षा जड गेलं. एक बी उकरून बघितलं, तर कुजून पीठ झालेलं. त्या दिवशी घरी आलो, तो परत गेलो नाय. दुकानात जायचं तरी मागच्या बांधावरून जायचो, शाळा दिसू नये म्हणून.

मग एक दिवस बाई आली. गुडघे गेलेले तिचे, हाकेवरचं अंतर पण काठी टेकत, थांबत आली असंल. दारात उभी राहिली. मी खाटेवर पडलेलो. उठलो नाय. तिचाच हात करून दाखवला, तळवा वर. "विषय?"

"शाळेत न येण्याबाबत," बाई म्हणाली. "सरांनी विचारलंय. डबा कुठाय?"

मी बोट केलं. तिनं मांडणीवरचा डबा काढला. तळाशी थोड्या बिया राहिल्या होत्या. एक उचलली, दातांत धरून फोडली, आणि चावत उभी राहिली.

"भावजी, हे खारवलेलं आहे."

"म्हणजे?"

"मिठाच्या पाण्यातून काढून, वाळवून, तव्यावर परतलेलं. खायचं बी आहे हे. ही राख नाही, मीठ आहे."

मी बोट डब्यात फिरवलं आणि चाटलं. मीठच.

"इतकी वर्षं संध्याकाळी वाटीतून काय खात होता तुम्ही?"

"ते हिरवे दाणे असतात ना, सोललेले..."

"सोलत कोण होतं?"

माझे पुढचे दात कधीच गेले. संध्याकाळी टीव्ही लावून बसलो की आमची पुढं वाटी ठेवायची. मऊ, खारट दाणे. मी एका घासात निम्मी वाटी संपवायचो. ते डांगराचं बी आहे हे मला ठाऊक होतं. टरफलातलं, खारवलेलं बी कसं दिसतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. वाटीत येतं ते सोललेलंच येतं.

बाई खाटेच्या कडेला टेकली. "माझ्या ओट्यावर बसून सोलायची. रोज दुपारी. पिशवीत घेऊन यायची. मी म्हणायची, अगो, मुरबाडला सोललेल्या मिळतात, मी आणत जाईन. तर म्हणायची, नको, त्यांना त्या चालत नायत. मागल्या वर्षी आजारात तिला पेरायचं बी राखेत बांधायला झालं नाही. हे मात्र केलं तिनं."

शाळेच्या आळ्यांत मी काय पुरून आलो ते मला तेव्हा कळलं. बाईकडं बघवेना. भिंतीकडं तोंड केलं.

तिनं पिशवीतून कागद आणि पुठ्ठा काढला. येतानाच घेऊन आली होती. "उठा. लिहा. विषय, डांगर न उगवल्याबाबत."

"बी जुनं होतं असं लिहितो."

"जुनं होतं?"

"नाय."

"मग?"

"बाई, अख्खी शाळा हसंल."

"हसेल."

"तुमाला काय जातं बोलायला?"

"मला काहीच जात नाही. म्हणून तर तुम्ही लिहायचं."

मी चिडून लिहायला घेतलं. या वेळी बाईनं एक शब्द सांगितला नाय, एक बदलला नाय. मी लिहिलं :

मी दिलेले बी उत्तम नव्हते. ते खारवलेले होते. माझ्या बायकोने ते मला खायला ठेवले होते. ते कसे असते हे मला माहीत नव्हते कारण ती सोलून देत होती. पोरांनी माझ्यामुळे रोज रिकामी आळी बघितली. मला लाज वाटते. कळावे.

दुसऱ्या दिवशी फाटकातून गेलो. सर वर्गात होता, तिथंच कागद दिला. त्यानं उभ्या उभ्या वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला. पोरांना वाटलं, परत टाळ्या वाजवायच्या काय. सरानं वाचून दाखवला नाय. कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

मी म्हणालो, "वाचा की मोठ्यानं. पहिला वाचलात ना?"

सरानं खिशातली घडी परत काढली. "नक्की?"

"वाचा."

त्यानं वाचला. हसलं कोणी नाय. मला वाटलं होतं हसतील. ती गप्प बसली ते जास्त लागलं. शेवटी पुढच्या रांगेतून कोणतरी म्हणालं, "मग आता डांगर कवा लावायचं?"

"बी नाय आता," मी म्हणालो.

"बी मिळेल, बाबा," सर म्हणाला. "तुम्ही येणार का, ते सांगा."

मी मान हलवली आणि बाहेर पडलो. जास्त थांबलो असतो तर भलतंच झालं असतं.

बाईला सांगायला गेलो. तिनं ऐकून घेतलं. मग भिंतीला धरत आत गेली आणि एक फडक्याची पुरचुंडी आणून माझ्या हातात दिली. काळा दोरा, त्याला दुहेरी गाठ. आमचीची गाठ. गवताच्या भाऱ्याला पण ती तशीच मारायची.

"आम्हा दोघींची दर वर्षी अदलाबदल व्हायची," बाई म्हणाली. "तिचं बी माझ्याकडे, माझं तिच्याकडे. एकीचं गेलं तर दुसरीकडे असावं. हे तिच्या आजारपणाच्या आधीचं. राखेतलं आहे. उगवेल."

"तुमच्याकडं होतं? मग आधी का नाय दिलं?"

"आधी दिलं असतं तर तो दुसरा अर्ज लिहिला असता तुम्ही?"

मी पुरचुंडी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

श्रावणात लावलं. परत सगळी पोरं आळ्यांभोवती. मी कमरेवर हात ठेवला नाय. आणि एका सकाळी माती फुगली, दोन जाड पानं वर आली, डोक्यावर अजून टरफल तसंच. पोरांनी असा ओरडा केला की खिचडीवाली हातात डाव घेऊन धावत आली. मी तसाच मातीच्या हातानं बाईकडं निघालो.

तिच्या दारात गाडी उभी होती. तिचा मुलगा आला होता बदलापूरहून, गुडघ्यांचं ऑपरेशन करायला घेऊन चालला होता. बाई पुढच्या सीटवर बसलेली, मांडीवर पिशवी. खिडकीशी गेलो. चष्मा कपाळावर सरकवला तिनं. विचारायच्या आधीच मी सांगितलं, "उगवलं."

तिनं मूठ समोर आपटली. "आवक."

मुलगा हसला, गाडी चालू केली. ती रस्त्याला लागेपर्यंत मी उभा होतो. जावक मात्र ती म्हणाली नाय.

ऑपरेशनपर्यंत गेलंच नाय. आधीच गेली, झोपेत, मुलाच्या घरी. नवरात्रात फोन आला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा डांगरं तयार होती. पहिलं कापलं ते खिचडीत गेलं. पोरं म्हणाली गोड आहे. सगळं बी मी घरी आणलं, धुतलं, सुपात वाळवलं. निम्मं राखेत घोळून फडक्यात बांधलं. काळा दोरा लावला, पण माझी गाठ तिच्यासारखी बसत नाय, सुटते. निम्मं खारवलं. सूनबाईला विचारलं, मीठ किती? तिला पण माहीत नव्हतं. अंदाजानं घातलं. जास्तच झालं.

मग ते एका पिशवीत घेतलं, माझी वाटी घेतली, आणि दुपारचा बाईच्या ओट्यावर जाऊन बसलो. दाराला कुलूप. पायरीवर धूळ. शेण सारवून किती दिवस झाले असतील. कोणी विषय विचारला नाय.

दात नायत, म्हणून नखानं सोलायला घेतलं. टरफलाची कड अंगठ्याच्या नखात शिरते. दाणा मधेच तुटतो, निम्मा हातात येतो, निम्मा आत राहतो. परत दुसरी घ्यायची. टरफलं मी खिशात टाकत होतो. ओटा घाण केलेला बाईला खपायचा नाय.

रस्त्यानं जाताना कोणतरी बोललं, "काय आबा, कोणाची वाट बघताय?"

मी मान वर केली नाय. सोलत बसलो. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, पलीकडच्या कुंपणावर गेलं, कुंपणावरून पण गेलं. वाटीचा तळ अजून झाकला नव्हता.